बायजीच्या गाण्यासाठी साउंड कार्ड

घोलवडच्या पॅकिंग शेडमध्ये सुनिलचं काम एकच होतं, चिकूच्या पेटीवर विश्वास ठेवायचा नाही. बागेतून पेटी आली की वरचा थर बघून मान डोलवणारे तिथे पुष्कळ होते. सुनिल कोपरापर्यंत हात घालून खालचा थर वर काढायचा. वरती एकसारखे गोल भुरे चिकू आणि तळाला चेपलेले, पाघळलेले, ही चलाखी त्याने बारा वर्षांत इतक्यांदा पकडली होती की शेटने त्याला त्यासाठीच ठेवला होता. चांगली गोष्ट आहे, कोण नाही म्हणतो? पण माणूस शेडमधून घरी येताना हात धुऊन येतो, डोकं धुऊन येत नाही. सुनिल घरीसुद्धा खालचा थर बघायचा. बायको हसली तर का हसली, शेजाऱ्याने हाक मारली तर आता काय मागायला आला, आणि कोणी काही फुकट देऊ केलं तर मग विचारूच नका.

तर अशा या माणसावर २०१७ सालच्या चैत्रात साउंड कार्ड निवडायची पाळी आली.

त्याची आई बायजी ही तलासरीकडच्या दहा-बारा पाड्यांची धवलेरी. आमच्याकडे लग्न लावायला बाई बसते. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला असतो, त्याच्यासमोर बसून ती गाणी म्हणते, देवांना बोलावते, दोन्ही घरच्या माणसांची नावं घेते, आणि तिचं गाणं पुरं झालं की लग्न लागलं. ती धवलेरी. ही गाणी कुठल्या वहीत नाहीत. बायजीला तिच्या सासूने शिकवली, सासूला आणखी कोणी, आणि आता सगळी एकट्या बायजीच्या गळ्यात होती. नेमकी त्या गळ्यात गाठ झाली.

वलसाडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गाठ काढावीच लागेल. आवाजाची नस गाठीला चिकटून आहे. जपून काढू, पण आवाज राहीलच असा शब्द देता येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली. बायजीने एवढंच विचारलं, "जेवता तर येईल ना?" येईल म्हटल्यावर ती पदर सावरून उठली.

घरी आल्यावर सुनिलची बायको प्रगती म्हणाली, "आईंची गाणी भरून ठेवू." प्रगती तलासरीत सेतू केंद्रात लोकांचे फॉर्म भरायची. तिच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता. सुनिलला कल्पना पटली, आणि का पटली ते त्याने बायकोला सांगितलं नाही. त्याला मनातून एक गोष्ट लागून राहिली होती. धवलेरी आपल्या पोटच्या पोराच्या लग्नात गात नाही, तिथे ती नुसती आई असते. सुनिलच्या लग्नाला उधव्याहून रखमी धवलेरी आणली होती. अख्ख्या पंचक्रोशीतल्या पोरांची नावं बायजीने चौकासमोर घेतली, एक सुनिलचं सोडून. निदान ते गाणं तरी घरात राहू दे, असं त्याला वाटत होतं.

पण बायजी घरी गायला तयार होईना.

"लग्न नाय, चौक नाय, नि देवांना बोलवू? आले नि मग काय सांगू त्यांना, चुकून बोलावलं, जा परत? ते काय फेरीवाले हायत?"

ऑपरेशनच्या आधी बायजीच्या हातचं एकच लग्न उरलं होतं, शेजारच्या पाड्यावरच्या काकड्याच्या मुलीचं, जानीचं. मे महिन्यातला शेवटचा रविवार. म्हणजे जे काय भरायचं ते त्या एका दुपारी. पुन्हा म्हण, परत घेऊ, ही भानगडच नाही.

सुनिलने आधी लॅपटॉपच्या बारक्या भोकात साधा माइक खुपसून बघितला. प्रगतीने कोंबड्यांना हाका मारल्या, त्या भरल्या. ऐकायला गेला तर कोंबड्या कमी आणि गुंईई असा आवाज जास्त. मोबाइलवर भरलं तर माणूस पिंपात बसून बोलतोय असं वाटायचं. तलासरी नाक्यावर त्याचा मामेभाऊ तुक्या डीजे चालवायचा आणि खोलीला अंड्यांचे ट्रे चिकटवून त्यात लग्नाची गाणी रेकॉर्ड करायचा. सुनिलने त्याला आडून आडून विचारलं.

तुक्या म्हणाला, "दादा, लॅपटॉपच्या पोटातलं कार्ड या कामाचं नाय. बाहेरचं साउंड कार्ड लागतं. डबी असते अशी, यूएसबीने लावायची, माइक तिच्यात जातो. विकत कशाला घेतोस? माझी एक पडून आहे, घेऊन जा. नायतर असं कर, तू आत्याजवळ बस, मशीनवर मी बसतो."

झालं. सुनिलच्या मनात पाल चुकचुकली. फुकट? वर स्वतः येऊन बसतो? तुक्याचा धंदा कशावर चालतो ते सगळ्या तालुक्याला माहीत होतं. म्हाताऱ्या बायांची गाणी घ्यायची, खाली ढिक्चाक ढिक्चाक लावायचं आणि यूट्यूबवर सोडून द्यायचं. उद्या आईचं गाणं भिलाडच्या रिक्षात वाजेल आणि देव रिक्षात येऊन बसतील.

"बघतो," म्हणून तो उठला. मनात म्हणाला, बघतोच तुला.

मग त्याने स्वतः शोध सुरू केला. डहाणू रोड स्टेशनसमोरच्या एका दुकानात काडेपेटीएवढं साउंड कार्ड मिळालं, दुकानदाराने शप्पथ घेतली की मुंबईचे मोठे मोठे लोक हेच वापरतात. सुनिलने ते कानाजवळ हलवलं, वास घेतला, शिवण बघितली. स्वस्त होतं म्हणून घेतलं. घरी लावलं तर गुंईईच्या जोडीला आता खर्रर्र पण यायला लागलं. मोठे मोठे लोक वापरत असतील तर त्यांचं ते बघतील.

मग ऑनलाइन. प्रगती फोनवर एकेक काढून दाखवायची, तो हात आडवा करायचा. एकाला तीनशे जणांनी पाच पाच तारे दिले होते. "तीनशे माणसं एका गोष्टीवर कधी एक होतात का? ग्रामसभेत बघितलंस ना? हे सगळे एकाच घरचे." तो तारे खालून वाचायचा. एक तारावाले आधी. कोणाच्या डबीचं बटण निघून आलं होतं, कोणाला रिकामं खोकं आलं होतं. खालचा थर बघायची सवय, दुसरं काय. असं करता करता सगळ्याच डब्या नासक्या निघाल्या आणि एप्रिल संपला.

"आता तुला पसंत पडेल असं साउंड कार्ड देवाने अजून बनवलंच नाही," प्रगती म्हणाली. "लग्नाला चार आठवडे राहिलेत."

शेवटी तिनेच एक पत्ता आणला. मसोलीत शितल नावाची बाई मुलांना गाणं शिकवायची आणि शाळांसाठी कविता रेकॉर्ड करून द्यायची. तिने नवीन मोठी मशीन घेतली होती, जुनी विकायची होती. नव्याच्या निम्म्याहून कमी किंमत. सुनिल मोटरसायकलवरून जाताना सगळा रस्ता एकच विचार करत होता. चांगली असती तर विकली असती का?

शितलने डबी टेबलावर ठेवली. काळा लोखंडी डबा, तळहाताहून थोडा मोठा, पुढे दोन गोल बटणं. सुनिलने ती आधी उलटी केली. स्क्रू बघितले, कोणी उघडलीय का. मग खालची रबरी पावलं मोजली. एक नव्हतं.

"हे पाऊल कुठे गेलं?"

"पडलं असेल कुठेतरी," शितल म्हणाली. "आवाज पायातून नाही येत, भाऊ."

तिने आपल्या कॉम्प्युटरला लावून दाखवलं, दोन ओळी म्हटल्या, ऐकवल्या. आवाज असा की बाई समोरच बसलीय. सुनिलला आवडलं, म्हणून तो आणखी सावध झाला. तिने खोदून खोदून विचारलं, काय भरायचंय, कुठे, आजूबाजूला किती माणसं. ही एवढी चौकशी कशाला करते? त्याने निम्मं सांगितलं, निम्मं गिळलं.

शितल म्हणाली, "लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावलात तर गुणगुण येईल, खेड्यातल्या घरात अर्थिंग नसतं. मग म्हणाल बाईने खराब दिलं." तिने दोन माइक पुढे केले. एक जाळीचा गोळा असलेला, स्टेजवरचा, रंग उडालेला. दुसरा जाडजूड, सोनेरी तोंडाचा, स्टँडवर बसवायचा. "लग्नाचा मांडव आहे ना? मग हा गोळ्याचा न्या. हा तोंडाजवळचं तेवढंच घेतो. तो दुसरा खोलीत चांगला. मुंगी चालली तरी उचलतो, मांडवात सगळंच उचलेल."

सुनिलने दोन्हीकडे बघितलं. मुंगी चाललेली ऐकणारा माइक स्वतःला ठेवायचा, आणि आपल्या गळ्यात हा मळका गोळा मारायचा. अरे वा. आपण पाड्यावरून आलो म्हणून काय?

"मला तो सोनेरी पाहिजे," तो म्हणाला.

"तो महाग आहे, आणि तुमच्या कामाचा नाही."

"असू दे. तोच."

शितलने दोन वेळा समजावलं. जितकं ती समजावत गेली तितकी त्याची खात्री पटत गेली. शेवटी तिने खांदे उडवले आणि सोनेरी माइक फडक्यात गुंडाळून दिला. सुनिल परत येताना खूष होता. बाईने वरचा थर दाखवला आणि आपण खाली हात घातला, असं त्याला वाटलं.

घरी डबी लावली. गुंईई. सुनिलच्या डोक्यात सणक गेली. "बघितलंस? बघितलंस? मी म्हणत होतो ना, चांगली वस्तू कोण विकतं?" तो डबी पिशवीत भरून मसोलीला निघालाच होता. प्रगतीने पुढे होऊन चार्जरची पिन उपटली. गुंईई गायब झाली. घरात इतकी शांतता झाली की सोनेरी माइकमधून ओटीवर बायजी विडी पेटवतेय ते ऐकू आलं.

"शितलताई खरं बोलली," प्रगती म्हणाली.

"एक गोष्ट खरी सांगतात ती दुसरी लपवायलाच," सुनिल हेडफोन लावून म्हणाला.

"ओरडतोस कशाला? मी इथेच आहे."

त्याला वाटलं तो हळूच बोलला. हेडफोन लावले की माणसाला आपला आवाज कळत नाही. प्रगती हसली, आणि सुनिलने नेहमीप्रमाणे विचारलं, का हसलीस. तिने सांगितलं. त्याने मनावर घेतलं नाही.

लग्नाच्या दिवशी तो सकाळीच काकड्याच्या दारी हजर. चौक काढून झाला होता, गेरूवर पांढरा, ओला. बायजीची बसायची जागा बघून त्याने स्टँड उभा केला, लॅपटॉप पाटावर ठेवला. मग मांडवावर नजर फिरवली आणि त्याचा जीव वरखाली व्हायला लागला. ज्याच्या त्याच्या हातात फोन. कोणी भरून घेतलं आणि तुक्याला पाठवलं तर? तुक्या तर तिथेच होता, काकड्याने त्याचाच डीजे सांगितला होता.

सुनिलने काकड्याला बाजूला घेतलं. "काका, चालू फोन जवळ असला की माझ्या मशीनमध्ये टिकटिक येते. आईचं शेवटचं लग्न आहे. सगळ्यांना फोन बंद करायला सांगा ना."

टिकटिक येते हे अगदीच खोटं नव्हतं, पण सुनिलचा हेतू तो नव्हता. काकड्या भला माणूस. त्याने मांडवभर फिरून सांगितलं, बायजीसाठी एवढं करा. लोकांनी केलं. बायजीवर सगळ्यांचा जीव होता. पोरांनीसुद्धा फोन बंद करून खिशात घातले. सुनिल स्वतः तुक्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुझाही."

तुक्याने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं, मग फोन बंद करून हातात दिला. "ठेव तुझ्याकडेच, दादा."

दुपारी बायजी चौकासमोर बसली. बाजूला दोन बायका, तिच्यामागून ओळ उचलायला. तिने पदर गळ्याभोवती घेतला, गाठीवरून, आणि सुरू केलं. सुनिलने हेडफोन घातले आणि एकदम त्याला आपली आई कानाच्या आत बसल्यासारखी वाटली. श्वास घेतलेला कळत होता. मधूनच आवाज चिरत होता, पण ती सोडत नव्हती. सुनिलचे डोळे भरून आले. एवढं एकच काम आपल्याला नीट करायचंय, त्याने स्वतःला बजावलं, आणि डोळ्यांत तेल घालून राखणीला बसला.

कारण तुक्या घुटमळत होता. आधी मांडवामागे गेला, थोड्या वेळाने जनरेटरचा आवाज बारीक झाला. काय केलं त्याने? मग लॅपटॉपच्या मागून वाकून गेला. मग पुन्हा आला, खाली काहीतरी चाचपत. सुनिल दबक्या आवाजात, म्हणजे त्याला दबका वाटला त्या आवाजात, त्याला हाकलत राहिला. बायजी गात राहिली. देव आले, सोयरे आले, नावं सुरू झाली. नवऱ्याच्या घरची, नवरीच्या घरची. प्रत्येक नाव बायजी घ्यायची आणि दोघी बायका ते ओढून परत म्हणायच्या. नावं संपत आली तेव्हा सुनिलला कोपऱ्यातून दिसलं, तुक्याचा हात माइकच्या स्टँडपाशी, वायर उचलतोय. सुनिलने एक कान उघडा केला, वळला आणि त्याला दम भरला. तुक्याने हात मागे घेतला. पुढे काही झालं नाही. गाणं पुरं झालं, जानीचं लग्न लागलं.

प्रगती गर्दीतून त्याच्याकडे आली. तिचे डोळे लाल झाले होते. "ऐकलंस ना?"

"हो. एकदम साफ आलंय," सुनिल म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग कोणीतरी तिला वाढायला बोलावलं.

सुनिलने तिथल्या तिथे सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, लॅपटॉपवरून पुसलं, आणि घरी जाऊन पेनड्राइव्ह तांदळाच्या कणगीत पुरला. ऐकायचा धीर त्याला झाला नाही. आधी आई घरी येऊ दे, मग तिच्यासोबत ऐकू, असं त्याने ठरवलं. प्रगतीला वाटलं याने ऐकलंय, त्याबद्दल बोलवत नाही म्हणून गप्प आहे. तीही गप्प राहिली.

ऑपरेशन झालं. गाठ वाईट नव्हती, बायजी वाचली. पण नस गाठीने पुरती वेढली होती. टाके सुकले, बायजी भात खायला लागली, पेज मागायला लागली, पण मागायची ती हाताने. बोलली तर नुसता वारा यायचा, भात्यातून येतो तसा. डॉक्टर म्हणाले, याहून फार सुधारणार नाही. बायजीने मान हलवली. जेवता येत होतं.

आषाढात एका सकाळी सुनिलने पेनड्राइव्ह काढला. बायजीला खाटेवर टेकून बसवलं, प्रगती तिच्या पायाशी बसली. लॅपटॉप लावला. चार्जर काढून, हे सांगायला नकोच.

बायजीचा आवाज आला. घर भरून आवाज आला. बायजीने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. सुनिलची छाती फुगली. साउंड कार्ड काय निवडलंय, म्हणा. त्याने प्रगतीकडे बघितलं, तेवढ्यात लॅपटॉपमधून कोणीतरी खेकसलं.

"ए, इकडे काय आहे तुझं?"

सुनिल दचकला. हा कोण? मग त्याला कळलं, हा आपण. गाणं पुढे गेलं. दोन ओळी झाल्या की पुन्हा, "तिकडून जा ना." आणि त्यामागे एक खरा दबका आवाज, तुक्याचा, "जनरेटर लांब नेलाय दादा, घुमत होता." त्यावर सुनिल, "कोणी सांगितलं तुला?" देव येत होते आणि सुनिल ओरडत होता. सोयरे येत होते आणि सुनिल ओरडत होता. त्याने बायजीच्या बाजूला बसून सबंध लग्नभर राखण केली होती, आणि मुंगीसुद्धा उचलणाऱ्या त्या माइकने राखणदाराचा शब्द न् शब्द उचलला होता.

मग नावं आली. नवऱ्याकडची, नवरीकडची. मग बायजीने जरा श्वास घेतला. तो श्वास ऐकू आला. आणि तिने एक ओळ सुरू केली, जी कुठल्याच लग्नात कोणी ऐकली नव्हती. "धवलेरीच्या घरचा, धवलेरीच्या घरचा, माझा..."

"तुक्या, वायर सोड! हात लावू नको म्हटलं ना!"

"स्टँड पडेल, दादा, वायर त्याच्या पायात अडकलीय," तुक्याचा आवाज.

आणि त्यानंतर काही नाही. मागच्या बायकांनी ती ओळ ओढून म्हटली नाही, कारण ती ओळ त्यांना माहीतच नव्हती. बायजी क्षणभर थांबलेली कळत होती. मग तिने जानीची शेवटची ओळ उचलली.

सुनिलने थांबवलं. "तिथे काय म्हणाली ती?"

प्रगती म्हणाली, "तुझं नाव घेतलं, सुनिल. माझा सुनिल, म्हणाली. मला वाटलं तू ऐकलंस. मी विचारलं होतं तुला."

सुनिलने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. हेडफोन लावून लावलं. 'माझा' येत होतं आणि त्यापुढे तोच गरजत होता. त्याला मांडव आठवला, खिशात गेलेले सगळे फोन आठवले. दोनशे माणसांत एकाने जरी त्याचं ऐकलं नसतं तरी चाललं असतं. खाटेवरून बायजी त्याच्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. सुनिलने लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन रडला. बारा वर्षांत पेटीत खाली एवढं नासलेलं त्याच्या हाताला लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो पेनड्राइव्ह घेऊन तलासरी नाक्यावर तुक्याच्या खोलीत गेला. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. ज्याच्यापासून जपायला तो कणगीत पुरला होता त्याच्याच टेबलावर. तुक्याने लावलं. मोठ्या स्पीकरवर आपला आवाज ऐकताना सुनिलने मान खाली घातली. तुक्या सबंध ऐकत राहिला, स्वतःवर ओरडलेलं सगळं, आणि मध्ये एकदाही त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

संपल्यावर सुनिल म्हणाला, "माझा आवाज काढता येईल?"

तुक्याने ती जागा पुन्हा काढली. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसत होत्या. त्याने बोट ठेवलं. "हे इथे तू आणि आत्या एकत्र आहात. माइक एकच होता ना. दोन्ही आवाज एकाच वायरीतून आत गेले." त्याने थोडी खटपट केली, काहीतरी कमी केलं, काहीतरी वाढवलं. सुनिलचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला, आणि त्यासोबत 'माझा' पण बुडालं. तुक्याने पहिल्यासारखं करून ठेवलं.

"तुझा काढला तर तिचाही जातो, दादा."

मग सुनिल उठला. पेनड्राइव्ह खिशात घातला, दारापर्यंत गेला, आणि परत आला. "तुझ्याकडे एक कॉपी ठेव," तो म्हणाला. तुक्याने त्याच्याकडे बघितलं. "ठेव. माझ्याकडून हरवलं तर असू दे तुझ्याकडे."

घरी गेला तेव्हा बायजी ओटीवर वाट बघत होती. तिने बोटाने लॅपटॉपकडे खूण केली. लाव.

"कशाला, आई? मी सगळी घाण करून ठेवलीय त्यात."

बायजीने पुन्हा खूण केली. त्याने लावलं. गाणं सुरू झालं, बायजीचे ओठ हलायला लागले. नावं आली. सुनिल तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि तिच्या ओठांकडे बघत राहिला. धवलेरीच्या घरचा, माझा. तिथे तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि ओठांनी त्याचं नाव घेतलं, आवाजाशिवाय, सावकाश, आणि त्याच वेळी लॅपटॉपमधला सुनिल तुक्यावर ओरडला.